आबा गोळी थुंकतात तेव्हा

औश्याजवळच्या एका गावातून एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. सासरे, ज्यांना घरात सगळे आबा म्हणतात, ७६ वर्षांचे. जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, माळकरी. तीन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. शुगर आणि बीपी त्याआधीपासून. दिवसाला ११ गोळ्या. नवरा शेतात, थोरले दीर पुण्याला, म्हणून गोळ्या द्यायचं काम एकट्या ताईंकडं. दोन महिन्यांपासून आबा गोळी थुंकतात, गालात धरून ठेवतात, शेजाऱ्यांना सांगतात, “मला इख चारू लालेत,” म्हणजे विष चारताहेत. गेल्या पंधरवड्यात एका रात्री गोळ्या दोनदा पोटात गेल्या, एकदा ताईंनी दिलेल्या आणि एकदा आबांनी स्वतःच पाकिटातून काढून घेतलेल्या. पहाटे ते घामानं भिजलेले, कुणालाच न ओळखणारे असे सापडले. ताई विचारतात, गोळ्या कुटून वरणात कालवल्या तर चालेल का? असं फसवून देणं पाप आहे का? आणि या गोळ्यांचा खरंच उपयोग होतो का? शेवटी त्यांनी एक ओळ लिहिली आहे : “मी एकदा त्यांचं तोंड दाबून गोळी घातली, तेव्हापासून मला झोप लागत नाही.”

ताई, तुमच्या शेवटच्या ओळीपासून सुरुवात करते.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे. अंबाजोगाईला शिकले आणि गेली २२ वर्षं लातूर, धाराशिव, बीडकडच्या वयस्कर माणसांवर उपचार करते. माझ्या सासूबाईंना हाच आजार होता. एका रात्री मी ओपीडी संपवून उशिरा घरी आले. त्यांनी गोळी तीनदा थुंकली. चौथ्या वेळी मी त्यांचे गाल दाबले, गोळी आत ढकलली आणि वरून पाणी ओतलं. त्यांना असा ठसका लागला की मी घाबरले. गोळी बाहेर आलीच. सकाळी त्यांना यातलं काही आठवत नव्हतं. पण पुढचे चार दिवस त्यांनी माझ्या हातचा घास घेतला नाही. कामवाल्या मावशी भरवायच्या तेव्हा मुकाट्यानं खायच्या, मी वाटी घेतली की ओठ घट्ट मिटायच्या.

या आजारात घडलेला प्रसंग विसरला जातो, पण त्या वेळची भीती मागं राहते. कुणाची भीती वाटते हे सांगता येत नसलं तरी त्या हाताची, त्या वाटीची भीती वाटत राहते. तुम्ही केलंत ते थकलेल्या माणसानं केलं. ते परत करायचं नाही, एवढंच. आणि त्यामागं फक्त माया-ममतेचं कारण नाही. जबरदस्तीनं घातलेलं पाणी किंवा गोळीचा चुरा श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनिया होतो, आणि डिमेन्शियाच्या, म्हणजे अल्झायमरसारख्या स्मृती जाण्याच्या आजारांच्या, रुग्णांचा जीव जाण्याचं ते एक मोठं कारण आहे. कोणतीही गोळी इतकी मोलाची नाही.

आता सगळ्यात तातडीचं. त्या पहाटे आबांची शुगर उतरली होती, असं तुमच्या वर्णनावरून मला जवळजवळ खात्रीनं वाटतं. तुम्ही फोटो पाठवलाय त्यात शुगरची गोळी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकत्र असलेली आहे, सकाळ-संध्याकाळ एकेक. यातलं ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात भाकर असो की नसो. आबा अर्धी भाकर खाऊन उठले आणि गोळी दोनदा गेली, की शुगर खाली जाणारच. एकदम घाम, थरथर, नेहमीपेक्षा जास्त गोंधळ, विनाकारण संताप किंवा गुंगी दिसली तर घरातल्या मशीनवर शुगर बघा. ७० च्या खाली असेल आणि आबा नीट गिळत असतील तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा. १५ मिनिटांनी पुन्हा बघा, कमीच असेल तर पुन्हा साखरपाणी द्या. वर आली की काहीतरी खायला द्या. मशीन नसेल तर वाट बघत बसू नका, साखर द्या. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीच घालायचं नाही. कुशीवर झोपवायचं आणि १०८ ला फोन करायचा. आणि साखरपाण्यानं आबा उठून बसले, बोलायला लागले, तरीही त्यांना दवाखान्यात न्यायचंच, कारण या गोळीचा अंमल बराच वेळ टिकतो आणि शुगर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. त्या दिवशी घरच्या घरी निभावलं, पुढच्या वेळी त्या भरवशावर राहू नका.

म्हणून आजच, हे वाचून झालं की, सगळी पाकिटं कुलपात ठेवा. कोनाड्यात नको, देवघराच्या फळीवर नको, उशाखाली तर नकोच. धान्याच्या कोठीमागं लपवलेली पाकिटं शोधून काढणारे आजोबा मी पाहिलेत. ट्रंकेला कुलूप लावा आणि किल्ली तुमच्या कमरेला. पत्र्याच्या घरात खिडकीजवळची जागा टाळा, एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं पारा ४२ च्या वर जातो आणि त्या उष्णतेत औषधं खराब होतात. सात दिवसांचे कप्पे असलेला डबा मेडिकलमध्ये मिळतो, तो घ्या, पण आबांच्या हातात देण्यासाठी नाही, तुमच्या सोयीसाठी. आजार या टप्प्यावर आला की रुग्णाला वार आणि वेळ यांचा मेळ घालता येत नाही, तो एका बैठकीत तीन कप्पे रिकामे करतो. गोळी गिळलेली डोळ्यांनी पाहिली की भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला खूण करा. ‘दिली’ म्हणून नव्हे, ‘गिळली’ म्हणून. आणि कधी शंका आली, दिली की नाही दिली, तर देऊ नका. शुगरची, बीपीची, झोपेची गोळी एखाद्या वेळी चुकली तर सहसा निभावतं, दोनदा गेली तर निभावेलच असं नाही. चुकलेली गोळी पुढच्या वेळच्या गोळीत मिळवून दुप्पट कधीच करायची नाही. रक्त पातळ करणारी किंवा फिट्सची गोळी चालू असेल तर तेवढं मात्र डॉक्टरांना फोन करून विचारायचं.

इथं जरा थांबून बीड-धाराशिवकडच्या ऊसतोडीला जाणाऱ्या घरांबद्दल बोलते, कारण हा प्रश्न तिथून मला दर दिवाळीनंतर येतो. घरातली कर्ती माणसं पाच-सहा महिने कारखान्यावर जातात, मागं राहतो विसरभोळा म्हातारा, शाळेतली नातवंडं आणि पिशवीभर गोळ्या. तिथं दिवसाला तीन वेळा औषध हे लिहिलं जातं, दिलं जात नाही. अशा घरांनी निघायच्या आधी डॉक्टरांकडं जाऊन स्पष्ट सांगावं, “दिवसातून एकदाच द्यायला कुणीतरी आहे.” मग बरंचसं औषध एका वेळेवर आणता येतं, ग्लिमेपिराइडसारखी धोक्याची गोळी बदलता येते, आणि ती एक वेळ शेजारच्या काकूंकडं किंवा आशाताईंच्या नजरेखाली ठेवता येते. नातवंडावर हे काम टाकू नये. दहा वर्षांच्या पोराच्या हातून आजोबांना काही झालं तर ते पोर ते आयुष्यभर वागवतं.

आता तुमच्या ११ गोळ्या. ‘गोळ्या कशा द्यायच्या’ हे सांगण्याआधी मी प्रत्येक घराला विचारते, यातल्या किती लागतात? कारण दिवसाला ११ वेळा नाही म्हणणाऱ्या माणसाशी जुळवून घेण्यापेक्षा पाच वेळा नाही म्हणणाऱ्याशी जुळवून घेणं पुष्कळ सोपं आहे. यातलं काहीही तुमचं तुम्ही बंद करायचं नाही, पण पुढच्या वेळी डॉक्टरांसमोर सगळी पाकिटं ओतून एकेक विचारायचं.

पहिली विचारा ती ट्रायहेक्सिफेनिडिल, दिवसाला दोन. तुम्ही लिहिलंय की गेल्या वर्षी आबा रात्री फार चिडायचे तेव्हा एक गोळी सुरू केली होती आणि नंतर ती बंद झाली. ही तिच्या जोडीला, हातपाय ताठ होऊ नयेत म्हणून दिलेली असणार. मूळची गोळी गेली, जोडीची चालूच राहिली. मी हे इतक्या वेळा पाहिलंय की आता चिठ्ठी हातात आली की आधी तिलाच शोधते. ही गोळी स्मृतीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन अडवते. आबांची डोनेपेझिल तेच रसायन वाढवायला दिलेली आहे. म्हणजे एक गोळी विहिरीत पाणी सोडते आणि दुसरी उपसून टाकते. हिनं तोंड कोरडं पडतं, मग गोळी घशाला चिकटते, लघवी अडते, पोट साफ होत नाही, गोंधळ वाढतो. एकदम तोडायची नाही, डॉक्टर हळूहळू कमी करतील. याच जातीची इतरही औषधं आहेत : सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन, पोटात मुरडा आला की दिलं जाणारं डायसायक्लोमिन, खाजेसाठीचं हायड्रॉक्सिझिन, जुनी अ‍ॅमिट्रिप्टिलिन. मेडिकलवाल्याकडून “सर्दीची एक द्या” म्हणून आणलेली गोळी आबांना दोन दिवस भ्रमात टाकू शकते.

दुसरी, शुगरची. तरुण माणसाला शुगर जितकी काटेकोर ठेवावी लागते तितकी आबांना नाही. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, एचबीएवनसी, त्यांच्यासारख्या रुग्णात ८ च्या आसपास असली तरी चालतं. थोडी जास्त शुगर एका रात्रीत जीव घेत नाही, थोडी कमी शुगर घेऊ शकते. डॉक्टरांना पहाटेची घटना सांगा आणि ग्लिमेपिराइडशिवाय भागेल का ते विचारा.

तिसरी, बीपीची. फोटोतल्या गोळीच्या नावापुढं ‘एच’ आहे. त्यात लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं. उन्हाळ्यात, टँकरचं मोजकं पाणी, त्यात आबा तहान लागली हे सांगत नाहीत, अशा वेळी या औषधानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस जास्तच भरकटतो. सोडियमची तपासणी करून घ्या, आणि उभं राहिल्यावर बीपी किती राहतं तेही बघायला सांगा. अ‍ॅसिडिटीची, कॅल्शियमची, कोलेस्टेरॉलची गोळी या वयात, या आजारात किती उपयोगाची, हेही विचारायला हरकत नाही. डॉक्टरांना असं विचारलं की राग येईल, ही भीती आपल्याकडं फार. चांगल्या डॉक्टरांना येत नाही.

आता नकाराकडं येऊ. “इख चारू लालेत” हे ऐकायला वाईट वाटतं, पण जरा आबांच्या जागी बसून बघा. त्यांच्या लेखी ते आजारी नाहीतच. शुगर आहे हे त्यांना आठवत नाही. कोणीतरी बाई, जिचं नाव कधी आठवतं कधी नाही, दिवसातून तीनदा येते, मूठभर रंगीत कडू खडे तोंडापुढं धरते आणि गिळा म्हणते. शहाणा माणूस नाहीच म्हणेल. तेव्हा त्या नाहीला हट्ट समजू नका. त्यात काहीतरी निरोप असतो, तो शोधायचा असतो.

आधी तोंड बघा. दिवसाच्या उजेडात, बॅटरी घेऊन. कवळीखाली जखम, जिभेवर पांढरा थर, हललेली दाढ, गालात तंबाखूची गोळी. मुखात दुखतं हे ज्याला सांगता येत नाही तो थुंकतो. मग गिळणं बघा. पाणी पिताना ठसका लागतो का, प्यायल्यावर आवाज ओला, घोगरा येतो का, घास तोंडात घोळवत राहतात का, वजन उतरतंय का, छातीत वरचेवर कफ होतो का. यातलं काही असेल तर गोळीचा प्रश्न बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना दाखवा. मग पोट बघा. डोनेपेझिलनं मळमळ, जुलाब, भूक मरणं हे होतं, विशेषतः डोस वाढवल्यावर. गोळीनंतर मळमळतं हे आबा विसरत असतील, पण शरीर विसरत नाही. याच गोळीनं काहींची नाडी मंद होते, चक्कर येऊन पडतात, तेव्हा नाडी मोजून घ्या. आणि नकार दोन-चार दिवसांत एकाएकी सुरू झाला असेल, सोबत झोप उलटीपालटी, भास, लघवीला जळजळ, ताप, चार दिवस पोट साफ नाही, तर तो डिमेन्शिया वाढल्यामुळं नसतो. लघवीतला जंतुसंसर्ग किंवा साधा बद्धकोष्ठसुद्धा म्हाताऱ्या मेंदूला असं उलथवून टाकतो, आणि ते बरं होतं.

यातलं काहीच नसेल तर मग रीत बदलायची.

तुमचं पत्र पुन्हा वाचताना माझ्या लक्षात आलं की आबा सगळ्यात जास्त अडतात ते दिवेलागणीला. या आजारात दिवस मावळताना अस्वस्थता वाढते, घरी असूनही ‘घरी जायचंय’ सुरू होतं, आणि आपल्याकडं नेमकी तेव्हाच लाइट जाते. त्या वेळी औषधाचा विषयच काढू नका. डोनेपेझिल रात्रीच घ्यावी असा दंडक नाही, ती सकाळीही चालते, आणि तिच्यामुळं वाईट स्वप्नं पडत असतील तर सकाळीच बरी. कोलेस्टेरॉलची गोळीही बहुतेक वेळा सकाळी चालते. डॉक्टरांना विचारून जमेल तेवढं सकाळी न्या. आबा पहाटे उठून स्नान, गंध, बुक्का करून बसतात असं तुम्ही लिहिलंय. त्या वेळी त्यांचं चित्त सगळ्यात ठिकाणावर असतं. ती वेळ धरा.

देताना टीव्ही बंद. बाजेवर पडल्या-पडल्या नाही, पाठ सरळ ठेवून खुर्चीत, पाय जमिनीला टेकलेले. तुम्ही उभ्या राहून नव्हे, समोर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर. आधी घोटभर पाणी, म्हणजे तोंड ओलं होतं. मग एकच गोळी. मूठ पुढं केली की घाबरतात. पांढरी गोळी पांढऱ्या बशीत किंवा चकाकणाऱ्या स्टीलच्या वाटीत त्यांना नीट दिसत नाही, म्हणून गडद रंगाची छोटी ताटली घ्या. “गोळी घ्यायची का?” असं विचारू नका, त्याचं उत्तर नाही असंच येतं. “आबा, ही घ्या,” एवढंच, शांत आवाजात, आणि तुम्ही स्वतः फुलपात्र ओठाला लावून दाखवा. शुगर म्हणजे काय, डॉक्टर काय म्हणाले, हे समजावत बसू नका. लांबलेलं वाक्य त्यांच्या डोक्यात पोचेपर्यंत त्याचं सुरुवातीचं टोक सुटलेलं असतं. गिळताना हनुवटी किंचित खाली, मान मागं टाकून नाही. मान मागं टाकली की श्वासनलिका उघडी पडते, आणि आपल्याकडं तर सगळेच मान वर करून गोळी टाकतात. नंतर अर्धा तास बसवून ठेवा आणि गाल तपासा.

नाही म्हणाले तर ‘बरं’ म्हणा आणि उठून जा. खरंच जा, दारात उभं राहून बघत बसू नका. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा या, जणू पहिल्यांदाच येताय. बहुतेक वेळा तेवढ्यात आधीचं नाही पुसलेलं असतं. दोनदा झालं, तिसऱ्यांदाही नाहीच, तर त्या वेळची गोळी सोडून द्या. थुंकलेली गोळी अख्खी असेल तर पुन्हा देता येते, अर्धी विरघळली असेल तर नाही, कारण आत किती गेली ते कळत नाही.

आणि आबा गुरुजी आहेत हे विसरू नका. धाराशिवकडचे एक निवृत्त शिक्षक माझ्याकडं यायचे, घरात कुणाच्याच हातून गोळी घेत नसत. मी माझ्या लेटरहेडवर ठसठशीत अक्षरात लिहून दिलं, “माननीय गुरुजी, रोज सकाळी न्याहारीनंतर ही एक गोळी घ्यावी,” खाली सही आणि शिक्का. रोज सकाळी ते पत्र मोठ्यानं वाचायचे, शिक्क्यावरून बोट फिरवायचे आणि गोळी घ्यायचे. अकरा महिने चाललं. नंतर वाचता येईना, तेव्हा नात वाचून दाखवायची, तेही काही महिने चाललं. जन्मभर ज्यानं लेखी आदेश पाळला त्याला तोंडी सांगण्यापेक्षा कागद खरा वाटतो. तुमच्या डॉक्टरांकडून असा कागद मागून घ्या. एका घरानं जुन्या वहीत हजेरीपट आखला होता, गोळी गिळली की गुरुजी स्वतः त्यात ‘ह’ लिहायचे. आबांना जमतंय का बघा. तुमची कॅलेंडरवरची खूण मात्र वेगळी ठेवा. पुण्याचे दीर फोनवरून तुम्हाला “गोळी दिली का” विचारत असतील, तर त्यांना सांगा, त्याऐवजी सकाळी साडेसातला व्हिडिओ कॉल लावा आणि आबांना म्हणा, “आबा, मी चहा घेतोय, तुम्ही गोळी घ्या.” थोरल्या मुलाच्या शब्दाला आपल्याकडं वजन असतं, ते कामाला लावा.

एकादशीचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण ते मोठं आहे. उपवासाला गोळी चालत नाही असं आबा म्हणतात. वाद घालू नका. गावातल्या ज्या बुवांना ते मानतात त्यांना घरी बोलवा आणि आबांसमोर त्यांच्याच तोंडून येऊ द्या की औषधाला उपवास नसतो. दुसरी बाजू अशी की उपवासाच्या दिवशी शुगरची गोळी नेहमीसारखी देणंही धोक्याचं. कोणती द्यायची, कोणती वगळायची हे आषाढीच्या आधीच डॉक्टरांकडून लिहून आणा. नवरात्रात नऊ दिवस धरणाऱ्या बायकांच्या बाबतीत तर मी हे हट्टानं लिहून देते.

एक बारीक गोष्ट राहिली. मेडिकलमध्ये कंपनी बदलली की गोळीचा रंग बदलतो आणि आबा म्हणतात, “ही माझी नव्हं.” त्यांचं बरोबर असतं. एकाच दुकानातून, जमेल तोवर एकाच कंपनीची घ्या. आणि जुन्या पाकिटातली पिवळी व नव्यातली गुलाबी ही एकच गोळी असू शकते, दोन्ही देऊन बसाल. पाकीट कापून देताना नाव आणि मुदत असलेला तुकडा आपल्याकडं येईल असं मागून घ्या.

आता कुटून वरणात कालवण्याचं. तुमच्या सध्याच्या गोळ्यांपैकी शुगरची गोळी अशी कुटली तर थेट घात होऊ शकतो. तिच्यातलं मेटफॉर्मिन दिवसभर हळूहळू सुटावं म्हणून बांधलेलं असतं, कुटलं की सगळं एकदम सुटतं. गोळीच्या नावापुढं एसआर, ईआर, एक्सआर, पीआर, सीआर, एक्सएल अशी अक्षरं असतील तर ती कुटायची नाही. पँटोप्राझोल आणि पोटासाठी वेष्टन दिलेली अ‍ॅस्पिरिन यांनाही कुटायचं नाही, वेष्टन फोडलं की एक पोटातल्या आम्लात वाया जाते आणि दुसरी पोटाला बोचते. याउलट ‘डीटी’ असेल तर ती पाण्यात विरघळते, ‘एमडी’ असेल तर जिभेवर. डोनेपेझिल जिभेवर विरघळणारी मिळते. बऱ्याच औषधांची पातळ रूपं मिळतात. रिव्हास्टिग्मिन नावाचं याच आजाराचं औषध कातडीवर चिकटवायच्या पॅचमध्ये येतं, गिळणं नकोच. तो रोज बदलायचा, रोज नवी जागा, जुना काढल्याशिवाय नवा नाही. दोन-तीन पॅच अंगावर राहून माणसं गंभीर झाल्याचं घडलेलं आहे. पाठीवर, हात पोचणार नाही असा लावा, उन्हात तापू देऊ नका, आणि तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला तर त्याच ताकदीचा परस्पर सुरू करू नका, पुन्हा कमी डोसपासून चढावं लागतं.

डॉक्टर किंवा फार्मासिस्टनं ‘ही कुटली तर चालेल’ असं सांगितलेली गोळी वेगळ्या छोट्या खलबत्त्यात कुटा, लसणाच्या नको. एक चमचा श्रीखंड, मऊ केळं किंवा गार झालेला शिरा, त्यात कालवा आणि तो चमचा आधी द्या. वाटीभर वरणात कधीच नाही. एक तर वरण अर्धं उरलं की औषध किती गेलं कळत नाही. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. आबांना वरणात कडू लागलं की त्यांचा संशय खरा ठरतो. मग ते गोळीच नव्हे, जेवणच नाकारतात. जेवण सोडलेला म्हातारा माणूस परत जेवता करणं हे मला आजवर पडलेल्या सगळ्यात अवघड कामांपैकी आहे.

पाप आहे का, विचारलंत. कुटलेली गोळी श्रीखंडात घालून “आबा, यात तुमची गोळी आहे” असं सांगून देणं, त्यात लपवाछपवी काहीच नाही. न सांगता देणं ही वेगळी गोष्ट. ती मी क्वचित सुचवते, आणि तेव्हाच, जेव्हा औषध खरोखर गरजेचं आहे, रुग्णाला आता समजून निर्णय घेता येत नाही, उघड मार्ग सगळे करून झालेत, आणि हे डॉक्टरांना व घरातल्या सगळ्या मोठ्यांना माहीत असून फाइलवर लिहिलेलं आहे. एकट्या सुनेनं गुपचूप करायची ही गोष्ट नव्हे. उद्या काही बिनसलं तर सगळं तिच्यावर येतं, मी ते पाहिलंय. आणि प्रसादात, तीर्थात औषध घालू नका. ज्या माणसाकडून एकेक गोष्ट सुटत चालली आहे त्याला देवाच्या हातचं तरी निर्धास्त घेता यावं.

उपयोग होतो का? डोनेपेझिल आणि याच आजारासाठी दिली जाणारी मेमँटिन हा आजार बरा करत नाहीत, थांबवतही नाहीत. काही रुग्णांत काही काळ लक्ष, बोलणं, स्वतःचं स्वतः करणं थोडं टिकून राहतं. काहींत फरक पडत नाही. तुमच्या घरात तीन वर्षांत काय दिसलं ते तुम्हालाच ठाऊक. ही गोळी देताना रोज रडारड होत असेल आणि फायदा दिसत नसेल तर डॉक्टरांशी बोलून हळूहळू उतरवून बघणं हा योग्य निर्णय असू शकतो. तसं केलं म्हणजे तुम्ही हात टेकलेत असं नाही. उतरवल्यावर काही आठवड्यांत एकदम घसरण दिसली तर पुन्हा सुरू करता येते.

आता तुमचं. सकाळची गोळी मालकांनी शेतात जायच्या आधी द्यायची, हे आजच ठरवा. त्यांना जमणार नाही असं तुम्ही लिहिलंय, पण एकदा विचारून बघा. वडिलांना गोळी देणं हे सुनेचंच काम, असं कुठं लिहिलेलं नाही. ते शेतात गेल्यावर शेजारी “इख” विचारायला आले तर त्यांना ओट्यावर बसवून आजाराचं नाव सांगा, लपवू नका. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, आणि तुमचं मन भरून आलं तर टेलिमानसचा १४४१६, तिथं मराठीत बोलता येतं.

येत्या आठवड्यात एवढं करा. एका वहीत रोज लिहा, किती वाजता, कोणती गोळी, कोणी दिली, घेतली की थुंकली, त्याआधी काय चाललं होतं. सोबत आबांचं वजन आणि पोट कधी साफ झालं ते. आठ दिवसांनी ती वही, सगळी पाकिटं, घरात सापडतील त्या जुन्या चिठ्ठ्या एका पिशवीत घाला आणि मालकांना बरोबर घेऊन डॉक्टरांकडं जा. शुगरच्या गोळीचं मात्र आठ दिवस थांबू नका, ते उद्याच विचारा.